आंधळीचे दोन डोळे

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली, दिवे गेले, आणि टिंबूने पर्समध्ये हात घालून मोबाईल शोधायला सुरुवात केली.

"टॉर्च नका लावू हं... प्लीज," अंधारातून आवाज आला.

आता, बंद लिफ्टमध्ये अनोळखी पुरुष असं म्हणाला तर शहाणी मुलगी काय करते? टॉर्च लावते, आणि गरज पडली तर तोच मोबाईल त्याच्या डोक्यात घालते. टिंबू शहाणीच होती. तिने फोन बाहेर काढला.

"माझ्यासाठी नाही म्हणत," आवाज घाईघाईने म्हणाला. "माझ्या हातात डबा आहे, झटक्याने त्याचा टॉवेल सुटलाय. आत जिवंत आहेत. त्यांनी जन्मात उजेड पाहिलेला नाही."

"कोण आहेत आत?"

"कोळंब्या. पांढऱ्या... म्हणजे पांढऱ्यासुद्धा नाहीत, आरपार. पोटात काय खाल्लंय तेही दिसतं. चुनखडीच्या गुहेत, पार आतल्या डोहात राहतात. आंधळ्या आहेत."

"आंधळ्या आहेत, तर टॉर्च लावली काय नि न लावली काय! त्यांना काय कळणार?"

अंधारात ओल्या मातीचा वास येत होता.

"तीन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता," आवाज हळूच म्हणाला. त्यात हसू होतं. "डोळे नसले तरी अंगाला कळतो उजेड. बावचळतात बिचाऱ्या."

टिंबूने फोन परत पर्समध्ये टाकला. का टाकला, ते तिलाही सांगता आलं नसतं. दहा मिनिटं ते दोघं अंधारात उभे होते, आणि त्या दहा मिनिटांत तिला गुहेतली अख्खी वस्ती कळली. वटवाघळं बाहेरून पोट भरून येतात, त्यांच्या लेंड्यांवर बुरशी उगवते, बुरशीवर इवले किडे जगतात, किड्यांवर रातकिडे, आणि त्या रातकिड्यांच्या मिशा अंगाच्या तिप्पट लांब. तो सांगताना मध्येच थांबायचा, "कंटाळलात का?" विचारायचा, आणि उत्तराची वाट न बघता पुढे सुरू व्हायचा.

दिवे आले. लिफ्टमध्ये शिरताना तिने मान वर करून बघितलंच नव्हतं. समोर डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला एक माणूस टॉवेलात गुंडाळलेला डबा पोटाशी धरून उभा होता. चिखलात दोन डोळे आणि एक हसू, बाकी काही ओळखू येत नव्हतं. तो तिच्या बोटांकडे बघत होता.

"शाई? म्हणजे... चित्रकार तुम्हीच की काय? मी तुमच्याकडेच निघालो होतो!"

टिंबू हे तिचं खरं नाव नव्हे. संग्रहालयात ती प्राण्यांची चित्रं काढायची. भिंतीवर टांगायची नव्हेत, शोधनिबंधात छापायची. त्या चित्रांत सावली रेघांनी नाही, टिंबांनी दाखवतात. भुंग्याच्या एका पायाला आठशे टिंबं, आणि भुंग्याला पाय सहा. सात वर्षं ती हेच करत होती, म्हणून भुंग्यांच्या विभागातल्या मोठ्या सरांनी तिला टिंबू म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी त्याला 'ताई' चिकटवलं. सात वर्षांत तिचं एक टिंब चुकीच्या जागी पडलेलं नव्हतं. दोन शास्त्रज्ञांचा वाद झाला तर तिसरा म्हणायचा, "टिंबूताईने काय काढलंय ते बघा," आणि वाद तिथेच मिटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली.

"टिंबूताई, येऊ का आत?"

आवाज तोच. धुतल्यावर माणूस बराच बरा निघाला होता, पण टिंबूचं लक्ष त्या 'ताई'वर अडलं. पंचवीस माणसं तिला दिवसभर ताई म्हणत, कधी खुपलं नव्हतं. आज मात्र कानात खडा गेल्यासारखं झालं.

त्याने टेबलावर एकामागून एक छोट्या बाटल्या मांडल्या. सेहेचाळीस. प्रत्येकीत स्पिरिट, स्पिरिटमध्ये एक प्राणी, आणि प्राण्याशेजारी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळून जाते. शेवटची बाटली त्याने जपून तिच्यासमोर ठेवली.

"ही माझी चाबूकवाली. खाली माझ्याकडे अशा आणखी अकरा आहेत."

टिंबूने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. विंचू नाही, कोळी नाही, दोघांच्या मधलं काहीतरी. चपटं अंग, फिकट, जवळजवळ बिनरंगाचं. पाय आठ, पण पुढचे दोन चाबकाच्या वादीसारखे लांबच लांब.

"बाहेर राहणाऱ्या हिच्या बहिणींना आठ डोळे असतात," तो तिच्या खांद्यामागून सांगू लागला. "त्यातले दोन इथे, कपाळावर मधोमध, छोट्याशा उंचवट्यावर. हिला एकही नाही. उंचवटासुद्धा नाही, नुसतं सपाट. माझा सगळा निबंध त्या सपाट जागेवर उभा आहे."

"मग चालते कशी?"

"सहा पायांवर, तिरकी. पुढचे दोन चालायला वापरतच नाही. त्यांनी चाचपडायचं. भिंत, भक्ष्य, आपलं माणूस... सगळं स्पर्शाने."

"आणि दोघं भेटले की?"

"कोण दोघं?"

"तुमची चाबूकवाली... आणि एखादा चाबूकवाला."

तो एकदम गोरामोरा झाला. "तासन्‌तास एकमेकांना हळूच शिवत बसतात. घाई म्हणून नसते."

"बरंय त्यांचं," टिंबू म्हणाली, आणि तोंड दिसू नये म्हणून तिने परत डोळा खाली लावला.

मग तो रोजच यायला लागला. कधी पायाची लांबी सांगायला, कधी सांगितलेली लांबी बरोबर होती हे सांगायला. खिडकीशी स्टुलावर बसायचा आणि ती टिंबं देत असताना श्वास रोखून बघायचा. "श्वास घ्या," ती म्हणायची, "तुमचा निबंध अर्धवट राहील." तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी तो बोलता बोलता "अगं टिंबू, हा सांधा बघ," म्हणून गेला. ताई कुठेतरी गळून पडली होती, आणि ती उचलायला कोणीच वाकलं नाही. त्या दिवशी टिंबू घरी जाताना दोन स्टॉप पुढे जाऊन उतरली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तिने चिठ्ठ्या नीट वाचल्या.

प्रत्येक चिठ्ठीवर गुहा, खोली, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव असतं. इथे नावं दोन होती. एक त्याचं. दुसरं नुसतंच 'दोरी'. सेहेचाळीस बाटल्या, सेहेचाळीस वेळा दोरी.

"ही दोरी कोण रे?" तिने अगदी सहज विचारलं. इतकं सहज विचारायला तिला दोन दिवस सराव करावा लागला होता.

"अगं, आमची दोरवाली! चाळीस मीटरचा खड्डा आहे तिथे, सरळ खाली. दोरी तीच बांधते, तीच मला सोडते, तीच वर घेते. ती नसती तर मी आज तुझ्यासमोर नसतो."

यावर माणसाने कृतज्ञ व्हायला हवं. टिंबूच्या पोटात मात्र दुखायला लागलं. तिने मनातल्या मनात दोरवालीला आडदांड केलं, पन्नाशीची केलं, तिच्या दंडावर गोंदवलं, आवाज घोगरा केला. मग बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. पुढच्या फेरीहून ते परतले, तेव्हा संग्रहालयाच्या मागच्या आवारात दोघं दोरी धूत होते, आणि टिंबूची खिडकी नेमकी त्या आवारावर उघडत होती. दोरवाली उंच होती. उन्हाने रापलेली, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, आणि हसायची ती मान मागे टाकून. टबातली दोरी ती इंच इंच बोटांतून काढत होती, कुठे धागा तुटलाय का ते चाचपत. दुसरं टोक त्याच्या हातात होतं.

"ए माकडा, ताण की जरा!" ती ओरडली, आणि माकड हसत हसत मागे सरकलं.

माकड! टिंबूला 'अहो' वरून 'अरे' वर यायला तीन आठवडे लागले होते, आणि ही बया सरळ माकडावर!

घरी आईला खबर लागायला वेळ लागला नाही. आई औषधाच्या दुकानात कामाला होती, माणसाच्या तोंडाकडे बघून गोळी ओळखायची.

"काय होतंय?"

"काही नाही. त्या गुहावाल्याबरोबर एक दोरवाली आहे."

"बरं."

"आई, ती त्याचा जीव वाचवते. दर महिन्याला. मी काय करते? टिंबं देते."

"मग तूही वाचव एखादवेळी."

"चेष्टा नको ना गं करू."

"चेष्टा कुठे? तुला तो आवडतो, तर त्याला सांग. माझ्याजवळ सांगून काय उपयोग? माझ्याकडे याच्यावर गोळी नाही."

पण टिंबूने सांगितलं नाही. जळफळणं सोपं असतं, सांगणं अवघड. ती खिडकीतून बघत राहिली. दोरी धुताना बघितलं, वाळत घालताना बघितलं, आणि चाबूकवालीच्या चित्राच्या नवव्या दिवशी दोघं वाळलेल्या दोरीचं वेटोळं करत होते तेही बघितलं. त्याच्या मानेवर काहीतरी होतं. माती असेल, कोळिष्टक असेल. दोरवालीने पुढे होऊन ते हाताने झटकलं, आणि तिचा हात मानेवर... एक क्षण जास्त राहिला. बघणाऱ्या दुसऱ्या कोणाला ते कळलंही नसतं. टिंबूला मात्र तो क्षण तासाएवढा वाटला. नजर तिकडे खिडकीबाहेर होती आणि हात इकडे सात वर्षांच्या सवयीने आपलं काम करत होता. संध्याकाळी तिने चित्र पूर्ण झालं म्हणून सही केली आणि त्याच्या टेबलावर पाठवून दिलं. स्वतः नेऊन दिलं नाही. जीव आंबला होता.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला दार धाडकन उघडलं. दारात दोरवाली उभी होती, आणि जवळून ती आणखीच चांगली दिसत होती.

"डोळे दाखव मला," ती म्हणाली.

"काय?"

"चाबूकवालीचे डोळे. तू दोन डोळे काढलेस ना कपाळावर? कुठे आहेत ते दाखव. त्याने अकरा बाटल्या उघडल्यात. दोन दिवस धड जेवलेला नाही, सूक्ष्मदर्शकावरून उठत नाही. त्याला एकीलाही डोळे सापडत नाहीत. मी म्हटलं, अरे, नाहीत तर सापडतील कुठून? तर म्हणतो कसा, 'टिंबूने काढलेत म्हणजे आहेत. मलाच दिसत नाहीत.'"

टिंबू उठून उभी राहिली. "मग त्याने मला विचारलं का नाही?"

"तेच मी म्हटलं! तर म्हणे, तिच्या कामावर शंका घेतली असं तिला वाटेल. निबंध मोठ्या सरांच्याच हातून छापायला जातो ना, चार वाजता त्यांच्याकडे जाऊन तो मागे घेणार आहे. तीन वर्षं त्या खड्ड्याच्या तोंडाशी बसून मी दोरी धरलीय. आता दाखव डोळे."

टिंबूने कपाटातून चित्राचा पेन्सिलीचा कच्चा कागद ओढून काढला. कपाळाची जागा कोरी होती. सपाट. हजार कोळ्यांना डोळे देऊन देऊन सवयीचा झालेला हात नवव्या दिवशी, मालकीण खिडकीत असताना, आपल्या मनाने दोन टिंबं देऊन मोकळा झाला होता. जिला डोळे नाहीत तिला डोळे दिले होते.

काहीतरी सांगता आलं असतं. भिंगावर धूळ होती, शाई गळली... यावर विश्वासही बसला असता.

"डोळे नाहीत," ती म्हणाली. "चूक माझी आहे. माझं लक्ष कागदावर नव्हतं. मी खिडकीतून बघत होते. तुम्हा दोघांना."

दोरवाली खिडकीशी गेली. खाली आवार, टब, कठडा, सगळं तळहातावर मांडल्यासारखं दिसत होतं. ती पाठमोरीच उभी राहिली.

"म्हणजे बाहेरच्याला दिसतं तर," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. त्याला नाही दिसत. तीन वर्षांत नाही दिसलं." ती वळली तेव्हा हसत होती, पण मान मागे टाकून नाही. "वर येताना दोरीवर लटकल्या लटकल्या मला काय सांगतो, माहितेय? टिंबूने अमुक केलं, टिंबू तमुक म्हणाली. चाळीस मीटर! मी वरून ओढतेय आणि हा ऐकवतोय." तिने हात पँटला पुसले. "पळ आता. पावणेचार झालेत. आणि माझ्याबद्दल तिथे एक अक्षर बोलायचं नाही. शप्पथ घे."

"शप्पथ," टिंबू म्हणाली. महिनाभर जिचा राग राग केला तिचा हात धरावासा वाटला, पण धरवला नाही. मत्सर खोटा नव्हता, हे कळल्यावर तो जास्तच टोचत होता. ती नुसती धावली.

लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. चार जिने उतरून ती तळघरातल्या त्याच्या खोलीत घुसली, तेव्हा तो हातात पत्र घेऊन उठतच होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"टिंबू! बरं झालं आलीस. मला सापडत नाहीत गं ते. कुठल्या कोनातून बघितलेस?"

"खाली बस."

"चार वाजता मला..."

"बस म्हणते ना!" तो बसला. "ते डोळे तिचे नाहीत. चुकून पडलेत."

"तुझ्याकडून?" तो हसलाच. "तुझ्याकडून कधी काही चुकून पडतं का?"

"पडलं. मी कागदाकडे बघत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. खिडकीतून. तू दोरी गुंडाळत होतास, आणि माझा जळून कोळसा होत होता. कारण तू... तुझी माती दुसरं कोणी झटकलेली मला चालत नाही. आता हस हवं तर. मोठ्या सरांनाही सांग. सात वर्षांचं नाव गेलं तर जाऊ दे, पण ते पत्र आधी फाड."

तो हसला नाही. पत्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या चित्राकडे. तिथे चाबूकवाली आपल्या नसलेल्या दोन डोळ्यांनी छताकडे टकामका बघत होती.

"म्हणजे मी दोन दिवस," तो सावकाश म्हणाला, "अकरा आंधळ्यांच्या कपाळावर शोधत होतो ते..."

"हो."

"आणि ते तुझे होते."

"हो म्हटलं ना! किती वेळा वदवून घेशील?"

त्याने पत्राचे दोन तुकडे केले, मग चार. उठून तिच्याजवळ आला. त्याने एक बोट पुढे करून तिच्या शाईच्या बोटांना हळूच लावलं, एकेका बोटाला, जणू मोजतोय. टिंबूने हात मागे घेतला नाही. वर कुठेतरी घड्याळात चारचे ठोके पडले, आणि दोघांपैकी कोणीही हललं नाही.

"मला वाटायचं, तुला भुंगेच आवडतात," तो म्हणाला. "त्यांना रंग असतात. माझ्याकडची सगळी जनता पांढरी फटक. मोठे सर नवीन भुंगा घेऊन आले की मी दिवसभर चिडलेला असायचो."

"भुंग्यावर?"

"भुंग्यावर. सरांवर. पेटीवरसुद्धा."

तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि आधी कोणतं यावं याचा निर्णय होईपर्यंत दोन्ही येऊन गेलं. मग तिने नाक पुसलं आणि पर्समधून पातं काढलं. "आण ते चित्र. शाई खरवडून काढते. दोनच तर टिंबं आहेत."

त्याने चित्र पाठीमागे लपवलं. "हे नाही द्यायचं. हे माझं. निबंधाला दुसरं काढ."

"अरे वेड्या, नऊ दिवस लागले होते त्याला!"

"तीन वर्षं थांबलोय. नऊ दिवस काय जड आहेत?"

"नऊ नाही लागणार," टिंबू खाली बघत म्हणाली. "मागच्या वेळी अर्धा वेळ मी खिडकीत होते. पाच दिवसांत होईल."

तो जरा विचारात पडला.

"नऊच लाव," तो म्हणाला.